पेत्राची बोली

प्रभू येशूला धरून नेले त्या रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात पेत्र बसला होता. त्याने प्रभूला तीन वेळा नाकारले, ही कथा आपण दर पवित्र सप्ताहात ऐकतो. परंतु मत्तयच्या शुभवर्तमानातील एका लहानशा तपशिलाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तेथील लोकांनी पेत्राला अखेर ओळखले ते त्याच्या बोलण्यावरून. गालीलाची बोली यरुशलेममध्ये लपत नव्हती. पेत्र तोंडाने नाकारीत होता, पण त्याची बोली खरे सांगत होती.

मीही पुष्कळ वर्षे माझी बोली लपवीत आलो, आणि पुढे दुसऱ्याच्या लेकराला त्याची बोली लपवायला लावली. ते आज येथे कबूल करावयाचे आहे.

माझे गाव बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या बाजूला. मराठीचे आद्यकवी मानले जाणारे मुकुंदराज आणि पासोडीच्या कापडावर ग्रंथ लिहिणारे दासोपंत या दोघांच्या समाध्या अंबाजोगाईस आहेत. अशा मातीतल्या माणसाला आपल्या मराठीची लाज वाटावी, हे नवलच. माझे आईवडील ऊसतोडीला जात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन टोळी निघे, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परते. म्हणून आमचा नाताळ बहुधा फडावरच होई. पाचटाची कोपी, एक कंदील आणि आईच्या मागोमाग म्हटलेली जपमाळ. पुस्तकातील प्रार्थना आई पाठ म्हणे, पण दोन रहस्यांच्या मध्ये ती पवित्र मरियेशी आपल्या बोलीत बोले, "माय, कामून उशीर लावलास? लेकरं थंडीनं कुडकुडायलीत."

पुढे मी अध्यापक विद्यालयात गेलो. माझे 'कामून' आणि 'करायलंय' ऐकून वर्ग हसे. मी हट्टाने प्रमाण मराठी शिकलो, इतकी की सुट्टीत घरी आल्यावर आईचे शब्द दुरुस्त करू लागलो. आई हसून गप्प बसे.

1989 साली मी रायगड जिल्ह्यात मुरूड तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका शाळेत रुजू झालो. जवळच कोर्लई हे गाव. समोर रेवदंडा, मध्ये कुंडलिकेची खाडी आणि गावाच्या माथ्यावर जुना किल्ला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज चौलला आले आणि 1740 साली हा मुलूख मराठ्यांच्या हाती सोडून गेले. मागे राहिलेल्या येथील कॅथलिक कुटुंबांनी घरात एक भाषा जतन केली. तिचे बरेचसे शब्द पोर्तुगीजमधून आलेले, पण वाक्याची ठेवण पुष्कळशी मराठीसारखी, क्रियापद शेवटी. ती माणसे तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. ती बोलणारे फार तर हजाराच्या आसपास. तिला ना पाठ्यपुस्तक, ना शासनाचा आश्रय. आणि देवळातील उपासना पूर्वी लॅटिन-पोर्तुगीज, नंतर मराठी. ती जगली ती चुलीपाशी आणि अंगणात.

त्या गावचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. वर्गात त्याच्या तोंडून घरचा शब्द निघाला की मी त्याला उभा करीत असे. "शाळेत शुद्ध बोलायचे," एवढेच माझे म्हणणे. दोन-तीन महिन्यांत तो शुद्ध बोलू लागला असे नाही. तो बोलेनासाच झाला. एके दिवशी त्याची आजी शाळेत आली. ती रागावली नाही. म्हणाली, "गुरुजी, मराठी शिकवायला तुम्ही आहात. आमची भाषा शिकवायला आमच्याशिवाय कोण आहे?" मी तिला मुलाच्या भवितव्याविषयी चार शब्द ऐकवले. ती माझ्या आईसारखीच गप्प बसली.

त्या आजीच्या प्रश्नाचे वजन मला कळले ते फार उशिरा. 2012 साली पेद्रो कालुंगसोद या तरुण फिलिपिनो धर्मशिक्षकाला पोपमहोदयांनी संतपद दिले. 1672 साली फादर दिएगो लुईस दे सान वितोरेस यांच्यासोबत ज्या ग्वाम बेटावर त्याने रक्त सांडले, त्या प्रशांत महासागरातील बेटाविषयी मी मिळेल ते वाचू लागलो. तेथील मूळ लोक चामोरो. 1668 साली सान वितोरेस यांनी तेथे मिशन सुरू केले. पुढे स्पॅनिश सैन्याशी लढाया झाल्या, साथी आल्या आणि चामोरो लोकांची संख्या भयंकर घटली. आपल्या श्रद्धेच्या इतिहासातले हे पान झाकून ठेवण्यासारखे नाही. चामोरोंच्या भाषेत स्पॅनिश शब्द इतके शिरले की आकडेसुद्धा स्पॅनिश झाले. तरी भाषा त्यांचीच राहिली. आभार मानताना ते आजही जे शब्द उच्चारतात, त्यांचा मूळ अर्थ 'देव दया करो' असा आहे. परक्यांनी आणलेला देव त्यांनी आपल्या बोलीत घरचा करून घेतला.

1898 साली ग्वाम अमेरिकेकडे गेले. नौदलाच्या प्रशासनाने इंग्रजीला एकमेव अधिकृत भाषा ठरवले, आणि शाळेत चामोरो बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली, दंड होऊ लागला. तेथे वाचता वाचता मी थांबलो. स्पेनच्या सव्वादोनशे वर्षांत जी भाषा टिकली, ती दोन-तीन पिढ्यांच्या शाळेने मुलांच्या तोंडून काढून घेतली. शिक्षा करणारे शिक्षक वाईट नसतील. मुलांचे भले व्हावे असेच त्यांना वाटत असेल. मलाही तसेच वाटत होते.

1974 साली ग्वामने चामोरोला इंग्रजीच्या बरोबरीने अधिकृत भाषेचा मान दिला. पण कायद्याने मान मिळाला तरी आईच्या मांडीवर तुटलेला धागा सहज जुळत नाही. तेथे कोणी वारले की नऊ रात्री जपमाळ होते, आणि ती चालवते 'तेचा', म्हणजे प्रार्थना पाठ असलेली गावातली बाई. भाषा अजून अशा बायांच्या ओठांवर आहे.

हे वाचले तेव्हा फडावरच्या कोपीतली माझी आई मला दिसली. तीही आमची तेचाच होती. ती वारली त्या रात्री जपमाळ मी चालवली. एकही शब्द अशुद्ध उच्चारला नाही. पण रहस्यांच्या मध्ये पवित्र मरियेला काय बोलावे, ते मला सुचले नाही. ती बोली मी तिच्या देखत मोडून टाकली होती.

वाचकहो, 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण सर्वांना आनंद झाला. तो योग्यच आहे. प्रमाण मराठी मुलांना आली पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे. एक भाषा देण्यासाठी दुसरी काढून घ्यावी लागत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने जमलेल्या लोकांना एकच भाषा शिकवली नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले.

आता आमच्या घरी संध्याकाळी जपमाळ होते, तेव्हा माझी थोरली बहीण पुढे बसते. तिला आईचे शब्द येतात. माझा नातू कधी एखाद्या शब्दाला हसतो. मी त्याला रागवत नाही. त्या शब्दाचा अर्थ सांगतो आणि तोच शब्द त्याच्याकडून म्हणवून घेतो. कोर्लईचा तो मुलगा आज चाळिशीच्या पुढे असेल. तो आपल्या लेकरांशी घरच्या भाषेत बोलत असावा, एवढी एक विनवणी मी रोज त्या जपमाळेत घालतो.