आपण म्हणजे कोण?

तृतीय वर्ष, कला

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन निराळे शब्द आहेत. इंग्रजीत दोहोंचे काम एकाच शब्दावर भागते. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो घरात येतो. व्याकरणाच्या तासाला हा भेद कळायला दोन मिनिटे पुरतात. पण आमच्या भागात एक दगडी स्तंभ आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहून 'आपण' म्हणायचे तर भल्याभल्यांची जीभ अडखळते.

पुण्याहून नगरकडे जाताना, भीमा ओलांडण्याच्या आधी, पेरणे गावच्या हद्दीत तो उभा आहे. पलीकडच्या काठावर कोरेगाव. कोणी त्याला जयस्तंभ म्हणतो, कोणी विजयस्तंभ, कोणी रणस्तंभ. कोण कोणते नाव घेतो यावरून बोलणारा कोणत्या आळीतला, हे आमच्याकडे लगेच ओळखतात.

हकिगत सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगते. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईनंतर पुणे इंग्रजांच्या हाती गेले. दुसरा बाजीराव फौजेसह फिरत होता. पुण्याच्या मदतीसाठी ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर सुमारे आठशे माणसे आणि दोन तोफा होत्या. सकाळी भीमेकाठी पोहोचतो तो समोर पेशव्यांची हजारोंची छावणी! स्टाँटनने कोरेगावात आसरा घेतला. १ जानेवारी १८१८ चा सारा दिवस गल्लीबोळांतून, घराघरांतून झुंज चालली. नदी हाकेच्या अंतरावर. पण आत अडकलेल्यांना पाण्याचा थेंब मिळेना. रात्री पेशव्यांची फौज मागे सरली. जनरल स्मिथ मोठे सैन्य घेऊन मागून येत होता. कंपनीचे पावणेतीनशेच्या आसपास लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. पुढे जूनमध्ये बाजीराव शरण आला.

कंपनी सरकारने १८२१ साली स्तंभाचा पाया घातला. त्यावर इंग्रजीत आणि मराठीत लेख कोरला, पडलेल्यांची नावे कोरली. ही नावेच मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. एकोणपन्नास नावे आहेत आणि त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. म्हणजे ती महार शिपायांची. राजाने आपले नाव दगडावर कोरावे यात नवल नाही. पण ज्यांची सावली लोकांना सोसत नव्हती, त्यांची नावे दगडावर आली, आणि दगडावर आलेले नाव कोणाला सहज पुसता येत नाही.

सातवीच्या वर्गात शिकवताना आमचे गुरुजी म्हणाले, "या लढाईनंतर आपलं राज्य गेलं. आपण हरलो." मी घरी येऊन आजोबांना तेच सांगितले. आजोबा दर एक जानेवारीला पांढरे कपडे घालून स्तंभाला जात. ते हसले आणि म्हणाले, "आपुन जितलो गं, बाळ." एकाच दिवसात दोन 'आपण' माझ्या पदरात पडले. गुरुजी खोटे बोलत नव्हते आणि आजोबाही नव्हते. मग मी कोणत्या 'आपण'मध्ये बसायचे?

त्याच वर्षी, २०१८ च्या १ जानेवारीला, लढाईला दोनशे वर्षे झाली. त्या दिवशी दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एक तरुण प्राणाला मुकला. आजोबा मध्यरात्र उलटल्यावर घरी आले. तोवर आजीने उंबरा सोडला नव्हता. शाळा भरली तेव्हा माझ्या बाकावरची मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसलेली होती. तिचे घर मराठ्याचे. भांडण काहीच नव्हते. आमच्या दोघींच्यामध्ये दोनशे वर्षे येऊन बसली होती, इतकेच.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभाला आले. पुढे १९३६ साली त्यांनी लिहून ठेवले की पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून फिरावे लागे. हे वाचले की आजोबांचा 'आपण' समजतो. पण ज्या इंग्रजाने नावे कोरली त्यानेच, पुढे गरज सरल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची फौजेतली भरती बंद केली. शिवराम जानबा कांबळ्यांना त्यासाठी सरकारकडे अर्ज करावे लागले. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला. म्हणजे स्तंभ दगडाचा असला तरी त्याचा अर्थ दगडाचा नाही.

गेल्या वर्षी मैत्रीण आणि मी दोघी मिळून तिथे गेलो. पुढाकार तिचाच. नावांवरून नजर फिरवत ती म्हणाली, "पलीकडून जे मेले, त्यांची नावं कुठं गं?"

मला उत्तर देता आले नाही. इंग्रजांच्या अंदाजाने पेशव्यांकडचे पाच-सहाशे लोक मेले वा जखमी झाले. त्यांत अरब होते, गोसावी होते, आमच्याच मुलखातली माणसे असतील. त्यांच्यासाठी कोणी दगड उभा केला नाही. त्यांच्या धन्याला पळण्यातून सवड नव्हती आणि जिंकणाऱ्याला गरज नव्हती.

घरी येऊन मी तिचा प्रश्न आजोबांपुढे ठेवला. वाटले, रागावतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लिवायला पायजे हुती. मेलेल्याला नाव पायजेच. आपल्यांची नावं लिवली म्हणून तर आपुन कोन, ते आपल्याला कळलं."

नाव कोरले जाण्याची किंमत ज्याला कळते, तोच दुसऱ्याच्या न कोरलेल्या नावाची हळहळ करू शकतो. ते एकोणपन्नास जण कोणासाठी लढले, याचा वाद विद्वान करतील. पगारासाठी लढले, मिठाला जागले, मानासाठी लढले, कदाचित तिन्हींसाठी. पण गुरुजींच्या 'आपण'मध्ये ती बावीस नावे जोवर मावत नाहीत, तोवर तो 'आपण' नुसताच 'आम्ही' आहे. आणि आजोबांनी त्यांचा 'आपण' त्या दिवशी भीमेच्या पलीकडच्या काठापर्यंत नेला. मैत्रिणीला मी अजून हे सगळे सांगितलेले नाही. हा अंक तिच्या हाती पडेल, तेव्हा ती वाचीलच.