गृध्रकूटावर गिधाड शोधताना

राजगृहाला जाणारे आपले बहुतेक बांधव गृध्रकूटावर वंदना करतात, फोटो काढतात आणि लगेच खाली उतरतात. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही गेलो ते दुर्बीण घेऊन. धाकटीला पक्ष्यांचा नाद. तिच्या हट्टापायी दोन दिवसांचा मुक्काम चार दिवसांचा झाला, आणि ते बरेच झाले.

आधी नालंदा. पाचव्या शतकात उभे राहिलेले हे महाविहार. सातव्या शतकात ह्युएन त्संग येथेच शिकला. विटांच्या जाड भिंतींतील भोकांत आता पोपटांचे संसार आहेत. हिरवळीवर हुदहुद चोच खुपसत फिरत होता. गाईडला घाई, पण पोरगी जागची हलेना. पक्षी पाहायचा तर स्वस्थ बसावे लागते. म्हणून आम्हीही तासभर बसलो आणि एरवी दिसले नसते ते दिसले : भिक्षूंच्या खोल्या, अंगणातली विहीर, सांडपाण्याची नाली.

राजगीरच्या वाटेवर सिलाव लागते. तेथील खाजाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पापुद्र्यावर पापुद्रा, दातांखाली नुसता चुरचुर. मला मात्र लिट्टी-चोखा अधिक आवडला. कणकेच्या गोळ्यात सत्तू भरून तो गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. सोबत भाजलेल्या वांग्याचे भरीत. आपल्या भाकरी-भरताची चुलत बहीणच म्हणा!

मग गृध्रकूट, म्हणजे गिधाडांचे शिखर. तथागतांनी येथे अनेकदा वास्तव्य केले. शिखराचा आकार गिधाडासारखा म्हणून हे नाव, असे कोणी म्हणतात. गिधाडे राहत म्हणून, असेही म्हणतात.

माझ्या सासऱ्यांचे वय ८८. त्यांच्या लहानपणी मेलेले ढोर ओढणे आपल्याच वस्तीच्या वाट्याला होते. ढोर टाकले की आभाळातून गिधाडे उतरत, आणि माणसे व गिधाडे एकाच ढोरावर असत. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून बजावले. तो शब्द आमच्या गावी उशिरा पोचला, पण पोचला. आम्ही सोडले. गिधाडांना ते सोडता येणारे नव्हते. १९९० नंतर ती भराभर मरू लागली. आजारी गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे औषध मेल्यावरही मांसात राहते आणि ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. भारताने २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी घातली, २०२३ साली आणखी दोन औषधांवर. तोवर बहुतेक थवे संपले होते.

शिखरावर आम्ही दोन तास थांबलो. तीन घारी घिरट्या घालत होत्या. शेपटीच्या खाचेवरून घार ओळखावी, हे धाकटीने मला शिकवले. वहीत तिने लिहिले : घार ३, गिधाड ०.

घरी सासऱ्यांना सांगितले. खाजाचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. "एकही नाही?" म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा विचारले, "डोंगरभर एकही नाही?"