मंडपेश्वरचा क्रूस

भाचीच्या आग्रहाखातर अमेरिकेस जाणे झाले, तेव्हा तिने नॉर्थ कॅरोलायनातील जुने सालेम आवर्जून दाखविले. मोरेव्हियन पंथीयांनी १७६६ साली वसविलेले हे गाव आज संग्रहालयांची पेठच झाले आहे. पावाची भट्टी, अविवाहित बंधूंचे घर, कारागिरांची दुकाने, सारे जपलेले. दफनभूमीत तर श्रीमंत-गरीब असा भेद नको म्हणून एकाच घडणीच्या सपाट शिळा! माझे मन भरून आले.

तेवढ्यात भाची म्हणाली, “मामा, अजून एक देऊळ राहिले.” ते विटांचे मंदिर १८६१ सालचे, कृष्णवर्णीय भाविकांचे. समतेच्या शिळा मांडणाऱ्या त्याच श्रद्धावंतांनी गुलाम बाळगले होते; काही तर खुद्द चर्चच्याच मालकीचे होते. पुढे त्यांची दफनभूमीही वेगळी करण्यात आली. १८६५ साली मुक्तीचा आदेश वाचला गेला तो याच मंदिरात. हे तिथे कोणी झाकून ठेवीत नाही, याचेच मला नवल वाटले.

नवल वाटण्याचे कारण घराजवळच होते. बोरिवलीच्या मंडपेश्वरास माझा जन्म गेला. टेकडीवरच्या पडक्या काळ्या भिंतींत आम्ही पोरे लपाछपी खेळत असू. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन संघाचे फादर आंतोनियो दो पोर्तो यांनी येथील प्राचीन शैव लेण्याचे ख्रिस्तमंदिर केले. वर चर्च आणि मुलांसाठी विद्यालय उभे राहिले. १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती गेली, आणि तो सारा व्याप ओस पडत गेला. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला विद्यालयाचे तेवढे सांगत. खालच्या लेण्याविषयी कोणी बोलत नसे, आणि आम्हीही विचारीत नसू.

परतल्यावर शेजारच्या गुरुजींना घेऊन लेण्यात गेलो. ते संस्कृतचे निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षांचा आमचा घरोबा. गणपतीचे मोदक त्यांच्याकडून आणि नाताळचा केक आमच्याकडून, पण या विषयाला दोघांनी कधी हात घातला नव्हता. नटराजापुढे ते बराच वेळ उभे राहिले. अवयव भंगलेले, तरी नृत्याची लय तशीच. मग बाहेरच्या भिंतीवर कोरलेल्या मोठ्या क्रूसापाशी आलो. तिथे मूळचे शिल्प होते, ते छिलून क्रूस कोरला, असे अभ्यासक सांगतात.

“हा तुमचाच ना?” गुरुजींनी विचारले. आवाजात खोच नव्हती.

जिभेवर उत्तरे तयार होती. तो पोर्तुगीजांचा काळ होता. आमच्या पूर्वजांना कोणी विचारले होते? राज्यकर्ते सगळीकडे असेच वागतात. यातले एकही खोटे नव्हे. पण याच खुणेपुढे मी रोज गुडघे टेकतो; इथे ती परक्याची कशी म्हणू?

“होय, आमचा,” मी म्हणालो. “आणि खाली जे होते तेही आमच्याच वाडवडिलांचे असेल.”

गुरुजी काही बोलले नाहीत. चष्मा पुसून पुन्हा नटराजाकडे गेले. मी क्रूसापाशीच थांबलो.

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर धर्मशिक्षणाच्या मुलांना तिथे न्यायचे ठरले आहे. गुरुजीही येणार आहेत. नटराजाचे ते सांगतील; क्रूसाचे मला सांगायचे आहे.