टर्बोच्या आधी तेलपंप

प्रिय आरबी२६,

तुझ्यासाठी, निसान स्कायलाइन जीटी-आरच्या इंजिनासाठी, सुटे भाग जमवायला घेतले आहेत. इथे मेलबर्नमध्ये गॅरेजात खोकी येऊन पडायला लागली आहेत आणि बघायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, टर्बो कुठला घेतलास? टर्बो अजून घेतलेलाच नाही. पहिलं खोकं आलं ते तेलपंपाचं. हे ऐकून समोरच्याचा उत्साह जरा मावळतो. म्हणूनच हे पत्र उघड लिहितो आहे. लिहितो तुला, पण तुझ्यावर जीव असणाऱ्या सगळ्यांनी ते वाचावं अशी इच्छा आहे.

तुझा तेलपंप थेट क्रँकच्या नाकावर बसतो. मध्ये साखळी नाही, पट्टा नाही. क्रँकच्या पुढच्या टोकावर दोन बाजू सपाट केलेल्या आहेत, त्या पंपाच्या आतल्या गिअरला धरतात आणि आपल्याबरोबर फिरवतात. ऑगस्ट १९८९मध्ये आर३२ स्कायलाइन जीटी-आर विक्रीला आली, तेव्हा ही पकड फार अरुंद होती. पुढे आर३३ या पिढीत निसाननेच ती रुंद केली. रोजच्या वापरात वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. पण तू सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरांचा, तुझा क्रँक लांब. फेरे चढत जातात तसा तो पिळाच्या अंगाने थरथरतो. त्यात कुणी तुला रेव्ह लिमिटरवर वारंवार आदळू दिलं की ते सगळे ठोके त्या दोन सपाट बाजूंवर येतात. गिअर तडकतो आणि तेलाचा दाब क्षणात शून्यावर येतो. मग आत कितीही भारी पिस्टन बसवलेले असोत, बेअरिंगं जळतात आणि ब्लॉकला भोक पाडून रॉड बाहेर येतो.

उपाय सगळ्यांना माहीत आहेत. क्रँकच्या नाकावर रुंद कॉलर बसवून घ्यायची किंवा आर३३चा क्रँक मिळवायचा. पोलादी गिअरांचा पंप घालायचा. पुढच्या पुलीच्या जागी चांगला डँपर बसवायचा. मी घेतलेला पंप इथलाच, ऑस्ट्रेलियातल्या निट्टोचा आहे. जपानी इंजिनाचं हे दुखणं ऑस्ट्रेलियन लोकांनी इतकं मनावर घेतलं, याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं. तुझा इथला इतिहास कळला तेव्हा ते ओसरलं. त्याबद्दल पुढे लिहितो.

पंपाइतकंच महत्त्वाचं आहे ते तेल परत खाली येणं. तुझ्या हेडमध्ये तेल गरजेपेक्षा जास्त चढतं आणि उतरायच्या वाटा अरुंद आहेत. बूस्ट वाढवला की पिस्टनच्या बाजूने निसटलेला वायू त्याच वाटांनी वर यायला बघतो आणि उतरणाऱ्या तेलाला अडवतो. लांब वळणावर गाडी एका कुशीला कललेली, तेल सगळं वर हेडमध्ये साठलेलं, खाली संपमध्ये, म्हणजे तेलाच्या टाकीत, पंपाच्या तोंडाशी हवा. ट्रॅकवर तुझी कितीतरी भावंडं अशीच गेली. डिपस्टिकवर तेल पुरेसं दिसत असताना गेली, म्हणून मालकांना कारणही चटकन कळलं नाही. म्हणून माझ्या यादीत पंपापाठोपाठ ज्या वस्तू आहेत त्या अगदी साध्या दिसतात. ब्लॉकमधून हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या भोकांत बसवायचे बारीक रिस्ट्रिक्टर, हेडच्या मागच्या टोकाकडून थेट संपमध्ये उतरणारी जादा नळी, तेलाचे फवारे पकडणारा कॅच कॅन आणि संपच्या पोटातले झडपांचे कप्पे. संप मोठा करणं तुझ्या बाबतीत सरळ काम नाही. तुझा संप ओतीव ॲल्युमिनियमचा, त्यालाच पुढचा डिफरन्शियल जोडलेला आणि पुढच्या एका चाकाचा दांडा त्याच्या आरपार गेलेला. हे सगळं सांभाळून कुशीला वेल्डिंग करून जागा वाढवावी लागते. ते काम मी इथल्या एका कारागिराकडे सोपवलं आहे.

या वस्तूंचं कुणी कौतुक करत नाही. बॉनेट उघडल्यावर यातलं फारसं काही दिसतही नाही. पण तुझी ताकद वाढवायची तर पैसा आधी इथे पडला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

तू शर्यतीसाठी जन्मलास. २५६८ सीसी ही आकारमानाची विचित्र संख्या कुणाच्या लहरीतून आलेली नाही. त्या काळच्या ग्रुप ए शर्यतींत टर्बो इंजिनाच्या आकारमानाला १.७ने गुणत आणि मग गट ठरवत. तुझा गुणाकार येतो ४३६६, म्हणजे ४५०० सीसीच्या गटात तू चपखल बसतोस. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार हंगामांत २९ शर्यती झाल्या आणि २९च्या २९ स्कायलाइनने जिंकल्या. इथे ऑस्ट्रेलियात बाथर्स्टच्या माउंट पॅनोरामा डोंगरावर १००० किलोमीटरची शर्यत होते. १९९१ आणि १९९२ अशी दोन्ही वर्षं जिम रिचर्ड्स आणि मार्क स्कैफ यांनी ती तुझ्या जोरावर जिंकली. १९९२ला पावसाने अशी दाणादाण उडवली की शर्यत थांबवावी लागली. तुझी गाडी तेव्हा भिंतीला आपटून बंद पडली होती, पण निकाल आधीच्या फेरीवर लागला. होल्डन आणि फोर्डच्या चाहत्यांनी बक्षीस समारंभात हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी इथल्या मुख्य स्पर्धेत पाच लिटरच्या व्ही-८ गाड्यांसाठीचे नवे नियम लागू झाले आणि तुला जागा उरली नाही. इथल्याच पत्रकारांनी तुझ्या गाडीला गॉडझिला नाव दिलं होतं. ज्यांनी तुला घालवलं त्यांच्याच देशात आज तुझे पंप बनतात, यात मला तुझा मोठा मान दिसतो.

कागदावर तुझी ताकद २८० अश्वशक्ती. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की याहून मोठा आकडा जाहीर करायचा नाही, आणि २००४पर्यंत ते पाळलं गेलं. शर्यतीतल्या तुझ्या भावंडांची ताकद याच्या दुपटीच्या घरात होती. तुझा ब्लॉक त्या हिशेबाने ओतलेला, क्रँक घडीव पोलादाचा, सहा सिलिंडरांना सहा स्वतंत्र थ्रॉटल, पिस्टनच्या बुडावर खालून तेलाची पिचकारी मारणारे जेट. रस्त्यावरच्या गाडीत एवढं सहसा कुणी घालत नसे. तेव्हा ४५० ते ५०० अश्वशक्ती मागणं म्हणजे तुझ्यावर जुलूम नव्हे, असं मी मानतो. त्यापलीकडे मी जाणार नाही.

आता पिस्टन. तुझे मूळ पिस्टन ओतीव आहेत. बूस्ट वाढला आणि इंधन जरा कमी पडलं की मिश्रण वेळेआधी भडकतं, नॉकिंग होतं आणि ओतीव पिस्टनचा रिंगांमधला भाग तुटतो. म्हणून घडीव पिस्टन. त्यातही दोन जाती आहेत. ४०३२ या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं. तो तापल्यावर कमी फुगतो, त्यामुळे बोअरमध्ये कमी मोकळीक ठेवून चालतं आणि थंड इंजिन आवाज करत नाही. २६१८मध्ये सिलिकॉन जवळजवळ नाही. तो जास्त चिवट, पण जास्त फुगतो, म्हणून मोकळीकही जास्त. सकाळी गाडी चालू केली की गरम होईपर्यंत खडखडतो. मी २६१८ घेतले. ट्रॅकवर उन्हाळ्याच्या दिवशी चिवटपणा कामाला येईल, सकाळची खडखड मी ऐकून घेईन. माप ८६.५ मिलिमीटर, मूळ ८६पेक्षा अर्ध्या मिलिमीटरने मोठं. २.८ लिटरचे तयार संच एचकेएस आणि टोमेईने बनवले आहेत. ८७चा बोअर आणि ७७.७चा स्ट्रोक धरला की २७७१ सीसी होतात आणि खालच्या फेऱ्यांतच ओढ येते. मोह पडला होता. पण तुझा ७३.७चा आखूड स्ट्रोक आणि वर चढत जाणारा तो आवाज हाच तर तुझा स्वभाव आहे. तो मी बदलणार नाही.

बोअरिंगच्या कामात मात्र मी हट्टी आहे, आणि तो हट्ट कोल्हापूरचा आहे. माझं लहानपण शिवाजी उद्यमनगरात गेलं. आमच्या गल्लीत पंपांची इंजिनं यायची, ट्रॅक्टरची यायची, हंगामाच्या तोंडावर गुऱ्हाळांची यायची. मिस्त्री आधी बोअर गेज आत घालायचे; वर, मध्ये, खाली, उभं आणि आडवं असं प्रत्येक सिलिंडरचं माप खडूने ब्लॉकवरच लिहायचे. किती थाऊ (इंचाचा हजारावा भाग) झीज, किती थाऊ अंडाकृती. माप हातात आल्याशिवाय पिस्टन मागवायचे नाहीत, ही तिथली पद्धत. बिडाच्या ओतकामाची किंमत त्या गावाला माहीत आहे, कारण फाउंड्रीतली भट्टी तिथे घराघरातल्या माणसांनी पाहिली आहे. तुझा ब्लॉकही बिडाचाच. त्याच्या अंगावर ०५यू अशी ओतीव खूण आहे. शर्यतीच्या एन१ ब्लॉकवर २४यू असते आणि त्याच्या भिंती जाड असतात. ०५यूमध्ये माल कमी, म्हणून तिथे बोअर मोठा करताना हात आखडता ठेवायचा.

त्यामुळे इथल्या वर्कशॉपमध्ये मी दोन गोष्टी लिहून मागितल्या. होनिंग करताना हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट बसवून बोल्ट पूर्ण ताणलेले असावेत; हेड कसल्यावर सिलिंडर किंचित वाकडे होतात, ते वाकडेपण होनिंगच्या वेळीच तिथे हजर असायला हवं. आणि रिंगांची फट टर्बोच्या हिशेबाने, बोअरच्या प्रत्येक इंचामागे पाच ते सहा थाऊ. फट कमी राहिली तर तापलेल्या रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचं डोकं उपटून येतं. हेडसाठी एआरपीचे स्टड आणि धातूचं गॅस्केट आलं आहे. व्हॉल्व्हचे शिम, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप हे सगळं नवं. यावर जास्त काही लिहिण्यासारखं नाही, घ्यायचंच असतं.

आता टर्बो. तुझे मूळ दोन टर्बो, प्रत्येकी तीन सिलिंडरांना एक. त्यांचं एक्झॉस्टकडचं चक्र सिरॅमिकचं होतं. हलकं, म्हणून झटकन फिरणारं. त्या काळासाठी फार पुढचं काम. पण बूस्टच्या नळीतला छोटा रिस्ट्रिक्टर काढून फुकटात ताकद मिळते हे लोकांना कळलं, आणि त्यावर समाधान न मानता त्यांनी दाब आणखी वाढवत नेला. जास्त उष्णता आणि जास्त वेग सिरॅमिकला सोसत नाही. चक्र दांड्यावरून सुटतं. मी पोलादी चक्रांचे, मूळ जागीच बसणारे दोन टर्बो घेणार आहे. एकच मोठा टर्बो स्वस्त पडतो, काम करायला जागाही होते आणि आकडाही मोठा येतो, हे मला मान्य आहे. पण तुझ्या रचनाकारांनी तीन-तीनची जी विभागणी केली, ती मला मोडायची नाही.

इंजेक्टर बदलावेच लागतील. मूळचे मिनिटाला ४४४ सीसी देतात, ते ५०० अश्वशक्तीला पुरत नाहीत. मी ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवरच राहणार आहे. ई८५ हे इथेनॉलचं इंधन थंड जळतं, नॉकिंगला रोखतं, पण त्याचा खप साधारण तिसऱ्या हिश्शाने जास्त आणि पंप प्रत्येक गावात नाही. मला गाडी गावोगाव न्यायची आहे. नवा ईसीयू, नव्या कॉइल आणि एक गोष्ट आवर्जून: तेलाचा दाब ठरलेल्या रेषेखाली गेला की इंजिन आपोआप बंद करणारी सेटिंग. पैसे नसतील तर बाकी सगळं पुढे ढकला, ही सेटिंग ढकलू नका, असं तुझ्या प्रत्येक मालकाला मला सांगायचं आहे.

कारण तू आता मोजकाच उरला आहेस. आर३२ जीटी-आर सुमारे ४४ हजार बनल्या, आर३३ आणि आर३४ त्याहून कितीतरी कमी, आणि २००२मध्ये आर३४ थांबली तशी तुझीही गाड्यांतली वाटचाल थांबली. पंचवीस वर्षं जुनी गाडी आयात करू देणाऱ्या नियमाने २०१४पासून आर३२ अमेरिकेत जाऊ लागल्या आणि किमती चढल्या. डिसेंबर २०१७मध्ये निसानच्या शर्यत-विभागाने, निस्मोने, जुन्या गाड्यांसाठी काही भाग पुन्हा बनवायला घेतले, त्याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे. तरीही हजार अश्वशक्तीच्या एका आलेखासाठी जेव्हा एखादा ०५यू ब्लॉक उभा चिरतो, तेव्हा मला राग येतो.  ज्याला हजारच हवेत त्याने त्या ताकदीसाठी बनवलेला नवा ब्लॉक घ्यावा. तसे ब्लॉक आता मिळतात. मूळचा तेलाच्या डब्याशेजारी, कोरड्या जागी, ग्रीस लावून जपून ठेवावा.

तुझा क्रँक सध्या वर्कशॉपमध्ये आहे. नाकावर कॉलर बसली, तडे तपासून झाले, एकही निघाला नाही. आता जर्नल घासून गुळगुळीत करतील आणि मोजतील. मेन आणि बिग एंडची बेअरिंगं मी अजून मागवलेली नाहीत. मापं आली की ठरेल, स्टँडर्ड घ्यायची की एक थाऊ जादा मोकळीक देणारी. त्यानंतर क्रँक, डँपर, फ्लायव्हील आणि क्लच असं सगळं एकत्र बॅलन्सिंगला जाईल. टर्बोची ऑर्डर ते परत आल्यावर.

तुझा,
मेलबर्नमधला एक कोल्हापूरकर