गळतं कुठे, टपकतं कुठे

जीपच्या छपराला मराठीत धड शब्द नाही. टप म्हणावं तर तो पत्र्याचा, छप्पर म्हणावं तर कौलं आठवतात. आमच्याकडे आणि झाडून सगळ्या गॅरेजांत त्याला 'हूड' म्हणतात. (अमेरिकेत जाऊन "हूड बदलायचंय" म्हणालात तर समोरचा बॉनेट उघडेल. असो.) तर आजचं पुराण या हूडचं.

आमची जीप म्हणजे महिंद्रा एमएम ५४०. १९९६ची, एमएच-०२ म्हणजे अंधेरी आरटीओची, २,११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन. आवाज असा की बाबा बोरिवलीत शिरले की आई कुकर लावते (अतिशयोक्ती आहे, पण फार नाही). घराणं विलीज जीपचं. ती मूळची युद्धासाठी काढलेली गाडी, त्यामुळे छप्पर म्हणजे लोखंडी पाइपांवर ताणलेलं कापड. हवं तेव्हा काढा, गुंडाळा, निघा. लढाईला उत्तम. मुंबईच्या जुलैत... तुम्हीच कल्पना करा.

गेले दोन पावसाळे आई जीपमध्ये बसलेली नव्हती. डाव्या सीटवर, बरोब्बर तिच्या खांद्यावर पाणी टपकायचं. गणपतीला चिपळूणला आम्ही वर्षानुवर्षं जीपनेच जातो. पण दोन वर्षं आई मावशीबरोबर कोकण रेल्वेने, आणि मी नि बाबा जीपने, मागे मखराचं सामान घेऊन. बाबांचं काही गाडीत लक्ष नसायचं. कशेडी घाट येईपर्यंत चार वाक्यं बोलले असतील.

त्यात यंदा रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण आलं. पंधरा वर्षांनंतर ते दर पाच वर्षांनी करावं लागतं: २०११, २०१६, २०२१ आणि आता २०२६. एप्रिल २०२२च्या आधी मोटारीला ही फी ६०० रुपये होती, मग ती ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींना १०,०००. वर पर्यावरण कर आहेच. बाबा चहा पिता पिता म्हणाले, "काढून टाकू या. तुझी आई बसत नाही, मग ठेवायची कुणासाठी?"

बाबा चढ्या आवाजात बोलले की काळजी नसते. हे ते शांतपणे बोलले होते.

मित्रांचा सल्ला एकच: फायबरचा हार्डटॉप टाक. २०२०च्या नव्या थारला कंपनीतूनच हार्डटॉप मिळायला लागला, मग आपल्याला काय झालं? झालंय ते मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन बदलेल असा फेरफार गाडीत करता येणार नाही. आमच्या आरसी बुकात बॉडीच्या रकान्यात 'सॉफ्ट टॉप' असं टाइप केलेलं आहे. नूतनीकरणाला गाडी आरटीओत न्यायची आणि तिच्या धडावर दुसरंच डोकं बसवायचं, हे काही पटेना. म्हणजे कापडाच्या जागी कापडच.

पण नवं शिवण्याआधी जुनं नेमकं गळतं कुठे ते बघायचं ठरवलं. आमच्या धंद्यात बग दिसतो एकीकडे आणि असतो भलतीकडे. शनिवारी सकाळी सीटांवर वर्तमानपत्रं पसरली आणि बादलीतलं पाणी तांब्यातांब्याने एकेका सांध्यावर ओतायला लागलो. आधी मागचा अर्धा भाग. कोरडा. मग पुढचा. मग त्यातला उजवा, मग डावा. बायनरी सर्च, फक्त तांब्याने! वॉचमनला वाटलं गाडीला अभिषेक चाललाय.

आईच्या खांद्यावरची शिवण, जिच्यावर सगळ्यांचा संशय होता, ती चक्क निर्दोष निघाली. पाणी शिरत होतं समोरच्या काचेच्या फ्रेमवर हूडची कड बसते तिथून. तिथलं रबर कडक होऊन तडकलं होतं. आत आलेला थेंब दारावरच्या पाइपाच्या पोटाला धरून निवांत मागे सरकायचा, आणि तो पाइप जिथे उभ्या दांड्याला मिळतो तिथे पोचला की खाली उडी. म्हणजे हार्डटॉप टाकला असता आणि ते रबर तसंच ठेवलं असतं, तरी आई भिजलीच असती.

कापडही आता बदलायला झालंच होतं. मागची प्लॅस्टिकची खिडकी उन्हाने इतकी पिवळी पडली होती की मागे ट्रक आहे की सूर्यास्त, ते कळेना. मग कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठला. (हे सीएसटी म्हणजे शिवाजी टर्मिनस नव्हे, सेंट्रल साल्सेट ट्रामवे. १९२८ ते १९३४ ती गाडी धावली. रूळ गेले, नाव राहिलं.) तिथे हूड शिवणारे एक चाचा भेटले.

बाबांना जुन्यासारखा सुती कॅनव्हास हवा होता. त्यात तथ्य आहे. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. पण आतून बोट टेकलं की तिथून पाणी झिरपायला लागतं, आणि चार महिन्यांच्या ओलीत बुरशी ठरलेली. म्हणून पॉलिएस्टरवर पीव्हीसीचा थर दिलेलं कापड घेतलं. त्यातून पाणी जात नाही, पण सुईने पाडलेली भोकं तशीच राहतात. चाचा म्हणाले, "जितनी सिलाई, उतना पानी." म्हणून वरचा तुकडा अख्खा ठेवला, जोड खाली बाजूला उतरवले आणि प्रत्येक जोडावर वरचं कापड खालच्यावर आणलं. कौलं रचतात तसंच. पुढचं रबर नवीन. बसवायला मुद्दाम मे महिन्यातली भर दुपार निवडली, कारण पीव्हीसी गरम झालं की मऊ पडतं आणि नीट ताणता येतं. सैल राहिलं तर मध्ये झोळ पडतो आणि त्यात तळं साचतं.

पहिला मोठा पाऊस झाला. वर्तमानपत्र कोरडंठाक! आईला खाली बोलावलं. तिने जीपला एक प्रदक्षिणा घातली, हूडवरून हात फिरवला, "छान झालंय हो," म्हणाली, आणि बसेना.

"अगं, आता कुठे गळतंय?"

ती काही बोलली नाही. बाबांनी मात्र बघितलं की तिचा हात गुडघ्यावर आहे.

"चढवत नाही रे मला," शेवटी ती म्हणाली. "फार उंच आहे ती."

"मग दोन वर्षं पाणी पाणी का करत होतीस?"

"पाण्याचं सांगितलं तर हे हूड बदलतील. गुडघ्याचं सांगितलं असतं तर जीप विकून टाकली असती."

बाबा काही न बोलता वर गेले आणि जेवायचा पाट घेऊन खाली आले. दारापाशी ठेवला. आईने त्यावर एक पाय दिला, डॅशबोर्डवरचा दांडा धरला, बाबांनी कोपराला हात लावला, आणि झालं. पाटाला आरटीओची परवानगी लागत नाही.

पाट आता मागच्या सीटखाली असतो. नूतनीकरणाची फी भरून झाली. गणपती १४ सप्टेंबरला आहेत. मावशीला कळवलंय, यंदा रेल्वेचं एकच तिकीट काढ.