कासवाला काठ हवा

देवळात गेलं की गाभाऱ्याकडे वळता वळता आपला हात दगडी कासवाला लागतो. पण जितंजागतं कासव निवांतपणे बघायचं म्हटलं, तर तशी संधी आपल्याला कुठे मिळते? साताऱ्याहून पुण्याला जाताना कात्रज आलं की रस्त्यालगतच राजीव गांधी प्राणिसंग्रहालय लागतं. एरवी आपल्याला स्वारगेट गाठायची घाई. या सुट्टीत मात्र मुलांना घेऊन मुद्दाम तिथे गेले.

पर्वतीच्या पायथ्याचं पेशवे पार्क आपल्यापैकी पुष्कळजणींनी लहानपणी पाहिलं असेल. ते १९५३ साली सुरू झालं होतं. तिथले प्राणी पुढे कात्रजला आणले. कात्रजचं सर्पोद्यान १९८६ चं, तर प्राणिसंग्रहालय १९९९ पासूनचं. आवार चांगलं १३० एकरांचं आहे, आणि त्यातला मोठा भाग तलावानंच व्यापलाय. पेशव्यांनी याच कात्रजहून नळ घालून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं होतं!

वाघ-बिबट्यांसमोर ही गर्दी! सांबर, चितळ, गवा यांच्यापुढेही माणसं रेंगाळतात. नाग-घोणशीपुढे बायका पदर सावरून उभ्या. कासवांपाशी मात्र कुणी थांबत नाही. “हलतच नाही मेलं,” म्हणून पुढे जातात. आम्ही थांबलो. आधी काहीच दिसेना. मग पाण्यावर करंगळीच्या टोकाएवढं नाक आलं, श्वास घेतला आणि गडप! ते मऊ पाठीचं कासव. आपल्याकडच्या तळ्या-ओढ्यांत ते सापडतं. पोटाकडे कातडीच्या दोन झडपा असतात. मागचे पाय आत ओढले की झडप बंद. तळं आटलं तर स्वारी चिखलात दडून पावसाची वाट बघते. गोगलगायी, मासे, पाणवनस्पती, मेलेलं जनावर असं सगळं खाऊन ते पाणी राखतं. विहिरीत कासव असावं असं जुनी माणसं म्हणत, ते काही उगीच नव्हे.

माझ्या धाकट्याला वाटत होतं, कासव पाठीवरचं घर काढून ठेवत असेल. तसं नाही हो! त्याचा कणा आणि बरगड्याच त्या पाठीला जोडलेल्या असतात. बोट लावलं तर त्याला ते कळतं.

कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते, असं आपण कीर्तनात ऐकत आलो. खरं म्हणजे ती काठावरच्या मातीत खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्लांना सांभाळतो तो काठच. मग नदीची वाळू ट्रकांनी उपसली, काठ सिमेंटनं बांधून काढले, तर तिनं अंडी घालायची कुठे?

“आई, आपणही एक आणू या ना!” धाकट्यानं हट्ट धरलाच. शेजारच्या वहिनींकडे काचेच्या पेटीत होतं ना! कुणीतरी सांगितलं, घरात कासव असलं की लक्ष्मी नांदते. आणलं तेव्हा रुपयाएवढं, हिरवंगार, कानाशी लाल पट्टा. बघता बघता जेवणाच्या ताटलीएवढं झालं. पाण्याला वास मारू लागला, तेव्हा वहिनींनी हात जोडून ते नदीत सोडलं. हेतू चांगला, पण ते कासव मूळचं अमेरिकेचं. ते वर्षानुवर्षं जगतं आणि आपल्या कासवांच्या तोंडचा घास व उन्हात बसायची जागा पळवतं.

आणि आपलं देशी कासव घरात ठेवणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव तर चोरून विकतात. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ साली बंदी आली. ते माळरानावरचं, त्याला पोहताही येत नाही. बिचारं फिशटँकमध्ये टाकलं तर बुडून मरायचं!

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी हौसेनं कासव देऊ केलं तर “नको” म्हणा. आपल्या एका नकारानं विकणाऱ्याचं एक गिऱ्हाईक कमी होतं. घरात परदेशी कासव आधीच असलं, तर नदी-तळ्यात सोडू नका. जखमी कासव सापडलं तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.

कात्रजला बुधवारी सुट्टी असते, तो वार टाळा. छत्री आणि पाण्याची बाटली घ्या, चालणं पुष्कळ आहे. आणि कासवांपाशी दहा मिनिटं तरी गप्प बसा. धाकटा माझा तेवढा वेळ गप्प बसला, तो का, हे तिथे गेल्यावर तुम्हालाही कळेल!