फिल्मवरचे डाग आणि सरस्वतीबाई

१९१३ साली प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्म दादरच्या राहत्या घरी धुतली गेली. छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, अंधारात फिल्म धुणे या कामांत दादासाहेब फाळक्यांबरोबर सरस्वतीबाईंचेही हात होते.

घरी फिल्म धुताना डाग दोन प्रकारे पडतात. डेव्हलपरमधला हवेचा बुडबुडा फिल्मला चिकटला, तर तेवढी जागा कोरी राहते. म्हणून टाकी हलकेच आपटावी. पाण्यातले क्षार वाळताना ठिपके सोडतात. मांजरीत विंधनविहिरीचे पाणी वापरणाऱ्याने फिल्म शेवटी डिस्टिल्ड पाण्यात विसळावी. क्षारांचा डाग बहुधा पुन्हा धुता येतो. बुडबुड्याचा मात्र कायमचा.

नीट धुतलेल्या फिल्मवर धुणाऱ्याची खूण उरत नाही. सरस्वतीबाईंचे नाव इतकी वर्षे पुसट राहिले, त्याचे एक कारण हेच असावे.